आल्दुइन आणि अकातोश: देव एकच की दोन? (स्कायरिम)

तीन_आरोळ्या (उदगीर), धागाकर्ता

रामराम मंडळी.

काल रात्री स्कायरिम संपवला. म्हणजे मुख्य गोष्ट संपवली, बाकी तो खेळ कुठं संपतो. २०११ चा खेळ, मी आत्ता खेळायलो, कारण दादाचा लॅपटॉप यंदा माझ्याकडं आला. सोव्हनगार्डमध्ये, म्हणजे नॉर्ड (स्कायरिममधली माणसं) वीरांच्या स्वर्गात, रात्री दीड वाजता आल्दुइनला, म्हणजे जग गिळायला आलेल्या ड्रॅगनला, पाडला आणि मग झोपच लागली नाही. का ते सांगतो.

खेळात कुठलाही ड्रॅगन मेला की त्याचं कातडं कागदासारखं जळत जातं, आतून उजेड निघतो आणि वाऱ्यासारखा घोंघावत आपल्या अंगात शिरतो. एक आत्मा जमा. आपण ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनचं रक्त अंगात असलेला माणूस, म्हणून हे आपल्यालाच जमतं. आल्दुइनचं तसं झालं नाही. मी अनंत आहे, मला अंत नाही, असं ड्रॅगनच्या भाषेत ओरडत तो तडकत गेला, उजेड आभाळात निघून गेला आणि मला काहीच मिळालं नाही. दोनदा मेनू उघडून आत्मे मोजले. आधी होते तेवढेच.

नंतर डोंगरावरच्या मठातले आर्नगियर गुरुजी म्हणले, कदाचित जगाच्या शेवटाला तो परत येईल, ते त्याला नेमून दिलेलं काम आहे.

आता माझी अडचण. खेळात जागोजागी पुस्तकं सापडतात. एकात लिहिलंय की नॉर्ड लोक अकातोशलाच आल्दुइन म्हणतात. अकातोश म्हणजे देवांतला मुख्य, काळाचा देव, ड्रॅगनच्या रूपातला. दुसऱ्या पुस्तकात एक नॉर्ड गडी तावातावानं सांगतो की आल्दुइन खरा आहे आणि तो अकातोश बिकातोश काही नाही. आणि म्हातारा ड्रॅगन पार्थुर्नाक्स तर आल्दुइनला अकातोशचा थोरला लेक म्हणतो.

लढाईला निघायच्या आधी मी सॉलिट्यूड शहराच्या मंदिरात अकातोशच्या देव्हाऱ्याला हात लावून आलो होतो. दोघं एकच असतील तर ज्याचा आशीर्वाद घेतला त्यालाच मारून आलो म्हणायचं. हे मला पटंना. माझं मत, दोन वेगळे. पण मनातून जाईना झालंय. ज्यांनी मॉरोविंड, ऑब्लिव्हियन या मालिकेतल्या आधीच्या खेळांपासून हे सगळं वाचलंय त्यांनी सांगा.

परभणीकर_पठ्ठ्या

एकच. देवाचं नाव गावागणिक बदलतं, त्यात एवढं काय.

सरळरेषा (लातूर)

दोन. आणि यात मताचा प्रश्न नाही, पुरावा आहे. ड्रॅगन लोक अकातोशला ‘बोरमा’ म्हणतात, त्यांच्या भाषेत बाप. पार्थुर्नाक्स आल्दुइनचा धाकटा भाऊ. ज्याला भाऊ म्हणायचं तोच बाप कसा असेल? घरच्या माणसाची साक्ष आहे ही. पुस्तक लिहिणारे मठातले पुजारी, त्यांनी आल्दुइनला बघितलंही नव्हतं.

नावाचंही बघा. ड्रॅगनचं नाव म्हणजे तीन शब्दांची आरोळी असते. अल, दु, इन: विनाशक, गिळणारा, स्वामी. अकातोश हे नाव त्या भाषेतलं नाहीच.

गोदाकाठ (नांदेड)

धागा बघून आनंद झाला. मी मॉरोविंडपासून, २००२ पासून या जगात आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

अकातोश या देवाचा जन्मच तडजोडीतून झालाय, तिथून सुरू करू. टॅम्रिएल म्हणजे या खेळांतला खंड. त्याच्या मधोमध आयलीड नावाच्या एल्फांचं (माणसांहून वेगळा वंश) राज्य होतं आणि माणसं त्यांची गुलाम. अलेसिया नावाच्या गुलाम बाईनं बंड केलं आणि पहिल्या युगाच्या २४३ व्या वर्षी एल्फांचा पांढरा मनोरा घेतला. राज्य तर आलं, पण आता देव कुणाचे ठेवायचे? उत्तरेतून मदतीला आलेल्या नॉर्ड लोकांना एल्फांचे देव नको होते. सुटलेल्या गुलामांना मात्र पिढ्यानपिढ्या त्याच देवांची सवय. नुसत्या हुकमानं सवय सुटत नसते. मग तिनं दोन्हीकडचे देव एकत्र करून आठ देवांची नवी मांडणी केली आणि एल्फांचा सर्वांत थोर देव ऑरी-एल त्यात अकातोश म्हणून येऊन बसला.

म्हणून खरा प्रश्न दुहेरी आहे. अकातोश आणि ऑरी-एल एक का? आणि अकातोश आणि आल्दुइन एक का? पहिल्याचं उत्तर मी ‘बहुतेक हो’ देईन, दुसऱ्याचं ‘तसं नाही’.

नॉर्ड लोकांच्या जुन्या समजुतीत आल्दुइननं मागचं जग गिळलं म्हणून हे जग झालं, आणि हे गिळेल तेव्हा पुढचं होईल. त्याला एकेकाळी ड्रॅगनपंथाचे लोक पूजायचे. तो पंथ बंद पडून शतकं झाली, आता त्याला उघड पूजणारा कुणी नाही. अकातोशची मंदिरं मात्र शहराशहरात. ज्याच्यापुढं दिवा लावायचा तो आणि ज्याच्या नावानं लेकरं भिववायची तो, हे लोकांच्या मनात तरी दोनच.

तीन_आरोळ्या

गोदाकाठ दादा, हे अलेसियाचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे अकातोश हा मुळात दुसऱ्याकडून घेतलेला देव?

गोदाकाठ

घेतलेला म्हण, नाहीतर ओळख पटलेला म्हण. तिथंच तर सगळा वाद आहे.

पावणेदोन_महिने (नळदुर्ग)

मी खेळ थोडाच खेळलोय, पण हा प्रश्न आमच्या घरातला आहे म्हणून लिहितो.

आमचा खंडोबा एक, देवळं दोन. अणदूरला सव्वादहा महिने आणि आमच्याकडं मैलारपुरात पावणेदोन महिने. दोन मूर्त्या नाहीत, एकच मूर्ती. ती ठरलेल्या दिवशी वाजतगाजत इकडं येते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा होते आणि मग परत जाते. दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये तसा करारच आहे, कधी न्यायचा, कधी परत आणायचा.

लहानपणी मी आज्याला विचारलं होतं, देव अणदूरला गेल्यावर आपल्या देवळात कोण असतो? आजा जोडे काढून उंबऱ्यावर टेकला होता. म्हणला, जा, आत बघून ये. मी गेलो. गाभाऱ्यात भंडाऱ्याचा वास तसाच होता, दगडावर पिवळा थर तसाच होता. बाहेर आलो तर म्हणला, वास आला का? आला ना? मग देव हायच की.

तिथं मी एक धरून बसलो. अणदूरकर आणि नळदुर्गकर दोघंही ‘आमचा देव’ म्हणतात आणि दोघांचंही खरं आहे. मान कुणाचा, पालखीपुढं कोण, यावरून भांडणं झाली असतील, पण ‘तुमचा वेगळा, आमचा वेगळा’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून ऑरी-एल आणि अकातोशचं मला पटतं. मूर्ती एक, गावं दोन.

आल्दुइनचं मला सांगता येत नाही.

परभणीकर_पठ्ठ्या

+१००. आणि तेच खंडोबा कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा. मुसलमान भाविक मल्लूखान म्हणतात. मी आधीच एका ओळीत सांगितलं होतं!

जोगाई (अंबाजोगाई)

नमस्कार. मी शिक्षिका, माझा मुलगा हा खेळ खेळतो. त्यानं हा धागा दाखवला आणि मग मीच वाचत बसले. तीन_आरोळ्या बाळा, तुझी तगमग खरी आहे, म्हणून लिहिते.

पावणेदोन_महिने भाऊंनी खंडोबाचं लिहिलं त्याला माझ्या सासरची एक गोष्ट जोडते. आमच्याकडे खंडोबा हा महादेवाचाच अवतार, मार्तंडभैरव, यात कुणालाच शंका नाही. तरी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच चंपाषष्ठीला माझ्याकडून चूक झाली. तळी भरायची होती. तांब्याच्या ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि मधोमध भंडारा. पाच पुरुषांनी ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते ताम्हन तीनदा उचललं. नंतर उरलेला चिमूटभर भंडारा मी भक्तीनं देवघरातल्या पिंडीला वाहिला. सासूबाईंनी लगेच पंचपात्रीतलं पाणी घालून पिंड धुतली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘अगं, महादेवाला हळद वाहत नसतात.’

खंडोबाला हळदीनं न्हाऊ घालायचं आणि त्याच महादेवाच्या पिंडीला हळदीचा कण चालत नाही. देव एक, पण ताट एक करता येत नाही. मला वाटतं, देव एक की दोन हे विचारताना आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. तो कोण आहे हा एक, आणि मी त्याच्यापुढे कशी उभी राहते हा दुसरा.

आणखी एक सुचलं. आपल्या भाषेत वेळेलाही काळ म्हणतात आणि मरणालाही काळच. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ हे आपण सहज बोलून जातो. तुमचा अकातोश काळाचा देव, आणि आल्दुइन जग गिळणारा, तोही अंगानं काळा. मुलानं हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

हिमवर्षा (जालना)

जोगाई ताई, हे काळाचं वाचून मी मोबाइल खाली ठेवून दोन मिनिटं बसले.

वांगेसट (गंगाखेड)

चंपाषष्ठी निघाली म्हणून विचारतो. चातुर्मासात वांगं बंद ठेवून षष्ठीला भरीत-रोडगा करणारे अजून किती जण आहेत इथं? आमच्या आईनं यंदा तुराट्यांच्या आरावर वांगी भाजली. गॅसवरच्या भरताला ती चव नाही.

परभणीकर_पठ्ठ्या

आम्ही हाव. बाजरीचा रोडगा, वर कांद्याची पात. वाचूनच भूक लागली.

माळेगावचा_घोडा (लोहा)

देव एक का दोन माहीत नाही, पण मार्गशीर्षात आमच्या खंडोबाच्या यात्रेला या. घोडे, गाढवं, उंट सगळं बघायला मिळतं. स्कायरिममधल्या घोड्यापेक्षा बरे आहेत, उभ्या कड्यावर चढत नाहीत.

सरळरेषा

भरिताबद्दल काही म्हणणं नाही, पण मूळ मुद्द्यावर येऊ.

जोगाई ताई, तुमचं लेखन फार आवडलं, तरी मला असहमती नोंदवायची आहे. ‘काळ’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या भाषेत आहेत. हा खेळ इंग्रजीत लिहिला गेला, तिथं वेळ आणि मरण यांना दोन वेगळे शब्द. आपल्या शब्दातला योगायोग आपण त्यांच्या देवावर लादू नये.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडं देव एक की दोन हा श्रद्धेचा प्रश्न आहे. या खेळाच्या जगात देव खरोखर येऊन उभे राहतात. २००६ च्या ऑब्लिव्हियनचा शेवट आठवा. राजघराण्याचा वारस मार्टिन सेप्टिम राजांचं लॉकेट फोडतो आणि अकातोशचं रूप होऊन आगीचा ड्रॅगन बनतो. शहरावर चालून आलेल्या मेहरून्स डेगॉन या दैत्याला हाकलतो आणि तिथल्या मंदिरात दगडाचा होऊन राहतो. ही कुणाची समजूत नाही, ती हजारो लोकांसमोर घडलेली घटना आहे. मग तिथं कोण कोणापासून झाला याचंही खरं उत्तर असलं पाहिजे. ‘ज्याचा त्याचा भाव’ म्हणून सोडून देता येणार नाही.

जोगाई

सरळरेषा, तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्यावर मात्र एवढंच म्हणते, की ज्यांच्या भाषेत दोन शब्द आहेत त्यांनीही काळाच्या देवाच्या वंशातच जग संपवणारा जन्माला घातला. तो योगायोग माझ्या भाषेनं केला नाही.

सरळरेषा

हे उत्तर बिनतोड आहे ताई. विचार करतो.

गोदाकाठ

सरळरेषा म्हणतात तसं तिथं देव खरोखर येतात हे बरोबर. पण म्हणून उत्तर एकच असलं पाहिजे हे या मालिकेत टिकत नाही, आणि ते मला या जगाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

१९९६ च्या डॅगरफॉल या खेळाला वेगवेगळे शेवट होते. खेळणाऱ्यानं ज्याच्या हातात तो प्रचंड यंत्रदेव दिला तो जिंकला. पुढच्या खेळात अडचण आली की यातला खरा कुठला धरायचा? त्यांनी एकही खोटा ठरवला नाही. सगळे शेवट एकाच वेळी घडले असं ठरवलं. तेवढ्या दिवसांपुरता काळच फुटला होता! याला ते ड्रॅगन ब्रेक म्हणतात, कारण काळ म्हणजे ड्रॅगन, म्हणजे अकातोश.

आणि आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट तर याहून जुनी आहे. अलेसियाच्या नावानं पुढं एक कडवा पंथ निघाला. त्यातल्या मारुखाती नावाच्या गटाला खुपत होतं की आपल्या अकातोशमध्ये एल्फांचा ऑरी-एल मिसळलेला आहे. त्यांना निखळ माणसांचा देव हवा होता. मग त्यांनी विधी मांडून देवातून एल्फांचा अंश वेगळा काढायला घेतला. त्यात काळ फुटला. कार्यकारण उरलं नाही, सूर्याचं गणित लागेना, कुणी किती जगलं ते सांगता येईना. हे चाललं १००८ वर्षं. पहिल्या युगात १२०० पासून २२०८ पर्यंतचा हिशोबच नाही.

देव एक का दोन हे हातानं करून बघायला गेलेल्यांची ही गत. म्हणून नळदुर्गच्या आज्याचं उत्तर मला फार मोठं वाटतं. त्यानं नातवाला फक्त वास घ्यायला सांगितलं.

माळेगावचा_घोडा

१००८ आकडा बघून आपोआप हात जोडले गेले. श्री श्री १००८ मारुखाती महाराज.

पावणेदोन_महिने

गोदाकाठ दादा, आज्याला हे वाचून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. तो आता नाही. दोन्ही गावच्या देवळात त्याच्या नावानं भंडारा उधळतो आम्ही.

बेलपान (निलंगा)

उशिरा आलो. सगळा धागा वाचला, आणि नवल वाटलं की वीरभद्राचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

आम्ही लिंगायत, वीरभद्र आमच्या घरातला. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह ठेवला, महादेवानं जटा उपटून आपटली आणि त्यातून वीरभद्र उभा राहिला. त्यानं यज्ञ उधळला, दक्षाचं मुंडकं उडवलं. आता सांगा, वीरभद्र महादेवाचा मुलगा की महादेवच? आमच्याकडं दोन्ही म्हणतात, कधीकधी एकाच वाक्यात. केसातून झाला म्हणून अंश. वेगळा उभा राहिला, वेगळं काम केलं, वेगळं देऊळ मिळालं, म्हणून स्वतंत्र. त्याला रागाचं काम दिलं होतं, ते त्यानं केलं.

आल्दुइन तसा आहे. अकातोशच्या अंगातून निघालेला, एका कामासाठी. जग संपवायचं आणि पुढच्याला जागा करायची. फरक एवढाच की वीरभद्र सांगितलं काम करून शांत झाला. आल्दुइननं काम सोडलं. जग गिळायच्या ऐवजी त्याला जगावर राज्य करायचं होतं. ड्रॅगनपंथ उभा केला, माणसांना राबवलं. हे माझं वाचन आहे, पण मला वाटतं म्हणूनच अकातोशनं माणसाला ड्रॅगनचं रक्त दिलं, म्हणजे आपला ड्रॅगनबॉर्न. काम सोडलेल्या थोरल्याला जागेवर आणायला धाकटा पाठवला.

मग धागाकर्त्याची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आत्मा मिळाला नाही, कारण तो तुला मिळायचा नव्हताच. ज्याचा होता त्याच्याकडं गेला. आणि मंदिरात ज्याचा आशीर्वाद घेतलास त्याचंच काम तू केलंस.

सरळरेषा

हे पटलं. माझ्या ‘बाप आणि भाऊ’ पुराव्यालाही धक्का लागत नाही आणि आर्नगियरचं बोलणंही बसतं. माझं ‘दोन’ कायम, पण ‘संबंध नसलेले दोन’ असं मी आता म्हणणार नाही.

परभणीकर_पठ्ठ्या

मी ‘एकच’वरच आहे. केस उपटला म्हणून डोकं वेगळं होत नाही.

हिमवर्षा

बेलपान दादांचं आल्दुइनपुरतं मान्य. ऑरी-एलबद्दल मात्र मला सगळ्यांशी भांडायचं आहे, कारण इथं सगळ्यांनी ‘मूर्ती एक, गावं दोन’ म्हणून तो प्रश्न मिटवून टाकला.

एल्फांना वाटतं की हे मर्त्य जग ही फसवणूक आहे. लॉरखान नावाच्या देवानं बाकीच्या देवांना गंडवून हे जग करायला लावलं, त्यात त्यांचं अमरपण गेलं. ऑरी-एल त्यांचा पूर्वज, तो इथून वर निघून गेला आणि बाहेर पडायची वाट दाखवून गेला. म्हणजे ऑरी-एलची भक्ती ही सुटकेची भक्ती. माणसांना नेमकं उलट वाटतं. लॉरखान, ज्याला नॉर्ड शोर म्हणतात, तो त्यांचा कैवारी. जग ही देणगी. अकातोशनं अलेसियाशी करार केला आणि हे जग डेड्रा म्हणजे दैत्यांपासून राखलं. म्हणजे अकातोशची भक्ती ही इथंच राहण्याची भक्ती.

अणदूर आणि नळदुर्ग दोघांची आरती एक आहे. इथं एकाची प्रार्थना ‘मला इथून सोडव’ आणि दुसऱ्याची ‘माझं हे घर सांभाळ’. ज्याच्याकडं दोघं उलट मागणं मागतात, त्याला एक म्हणायचं कसं?

पावणेदोन_महिने

ताई, बरोबर आहे. माझं उदाहरण तिथं तोकडं पडतं.

जोगाई

हिमवर्षा, फार नेमकं लिहिलंस. माझ्या मनात आलं ते असं. एकाच देवळात एकाच दिवशी एक बाई लेकराच्या जावळासाठी येते आणि तिच्याच मागे कुणी आजारी म्हातारा ‘आता मला ने’ म्हणून उभा असतो. मागणं उलट, देव तोच. मी हे रोज डोळ्यांनी बघते, योगेश्वरीच्या देवळावरूनच शाळेत जाते. पण तू म्हणतेस ते दोन माणसांचं नाही, दोन अख्ख्या समाजांचं आहे, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला गुलाम केलं होतं. ते ओझं माझ्या उदाहरणाला पेलत नाही, हे मान्य करते.

हिमवर्षा

ताई, तरी तुमचं वाचून मला एक आठवलं जे माझ्याच विरोधात जातं, आणि ते न सांगणं बरं नाही.

२०१२ च्या डॉनगार्ड या स्कायरिमच्या जोडभागात डोंगरांमध्ये दडलेली एक बर्फाळ दरी आहे. तिथं ऑरी-एलच्या शेवटच्या मठाबाहेर गेलेबॉर नावाचा हिम-एल्फ एकटा उभा असतो. त्याचे बहुतेक लोक बिघडून फाल्मर नावाचे आंधळे जीव झालेत, भाऊ आत मंदिरात बिघडलाय, आणि हा शतकानुशतकं उंबरा राखतोय. ऑरी-एलचा खरा भक्त कुणाला म्हणायचं तर याला. मी त्याला देवाबद्दल विचारलं. मला वाटलं हा माणसांच्या अकातोशला शिव्या घालेल. तर तो शांतपणे ऑरिएल, ऑरी-एल, अल्कोश, अकातोश अशी नावं एकामागून एक घेतो, आणि म्हणतो की आमच्या स्वामीला किती नावं आहेत.

ज्याचं सगळं गेलं तो एक म्हणतो. मी घरात बसून दोन म्हणते. अजूनही दोनच म्हणते, पण त्याच्यासमोर म्हणवत नाही.

वांगेसट

अल्कोश कोण?

गोदाकाठ

खाजीत, म्हणजे मांजरवंशाच्या लोकांचा काळाचा देव. त्यांच्यात त्याला मांजरांचा ड्रॅगनराजा म्हणतात.

माळेगावचा_घोडा

माणसाला देव माणसासारखा, मांजराला मांजरासारखा. आमच्या घरच्या मनीला विचारून सांगतो एक का दोन.

तीन_आरोळ्या

सगळ्यांचे फार आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण गावाकडं सोयाबीनच्या राशीला गेलो होतो. मळणीयंत्रापाशी पोती धरताना बेलपान दादांचं वीरभद्राचं आमच्या आबांना सांगितलं, खेळाचं नाव न घेता. म्हणलं, थोरल्यानं काम सोडलं म्हणून बापानं धाकट्याला पाठवून त्याला पाडलं, तर पाडणाऱ्याला पाप लागतं का? आबांनी पोत्याचं तोंड शिवत विचारलं, थोरला परत येणार हाय का? म्हणलं, हो, शेवटाला येणार हाय म्हणतात. मग म्हणले, पाडलं कुठं, घरी लावून दिलं की.

काल आल्यावर जुना सेव्ह उघडला आणि लढाई पुन्हा केली. या वेळी आत्म्याकडं बघितलं नाही, लढाईत मी त्याच्यावर काय वापरतोय ते ऐकलं. ड्रॅगनरेंडची आरोळी, ‘जूर झाह फ्रूल’. मर्त्य, सान्त, क्षणिक. ही माणसांनी केलेली आरोळी, ती ऐकून ड्रॅगनला पहिल्यांदा कळतं की संपणं म्हणजे काय. काळाच्या लेकाला काळ काय असतो ते माणसानं सांगायचं. तो खाली उतरला तेव्हा पहिल्यांदा त्याची दया आली.

माझं मत बदललं का? अर्धं. आल्दुइन अकातोश नाही, पण अकातोशचा आहे. ऑरी-एलचं अजून ठरंना, हिमवर्षा ताईंनी दोन्हीकडून अडकवलंय. आज डॉनगार्ड सुरू करायलो. त्या गेलेबॉरला स्वतः विचारतो.

हिमवर्षा

नक्की विचार. घाईत पळत जाऊ नकोस, दरीत रात्री आभाळ बघ.

गोदाकाठ

आणि ऑरी-एलचं धनुष्य हाती लागलं की एक लक्षात ठेव. रक्तात बुडवलेला बाण सूर्यावर सोडू नको, भर दिवसा अंधार होतो. मी सोडला होता. व्हाइटरन शहराच्या रस्त्यावर सगळी माणसं वर बघत उभी होती.